दोघींसाठी घेतलेली गाडी

जमनाताई वरठांची आणि माझी ओळख चिकूच्या एका फांदीमुळे झाली.

घोलवडला रस्त्याला लागून आमची रोपवाटिका आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी कुंपणाकडून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. हातातलं कलम तसंच टाकून मी धावले. आमच्या कुंपणाबाहेर झुकलेल्या चिकूखाली एक पांढरी मिनीबस अडकून उभी होती. चालकाच्या जागेवर साठीच्या आसपासची, बारीक चणीची, सुती साडी नेसलेली बाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती. बाजूची जागा रिकामी होती. मी फांदी कापायला कोयता मागवला, तेव्हा त्या काचेतून म्हणाल्या, "फांदी कापू नका. चूक माझी आहे. मी मागे घेते."

मागे घ्यायला त्यांना दहा मिनिटं लागली. घेताना त्या मोठ्याने बोलत होत्या. "डावीकडे मोकळं. ये, ये. थांब. चाक सरळ कर." गाडीत दुसरं कुणी नाही हे मला दिसत होतं, म्हणून मला ते चमत्कारिक वाटलं.

छतावरच्या झरोक्याचं झाकण तुटलं होतं. मी शिडी धरली आणि त्या साडी खोचून वर चढल्या. प्लास्टिक आणि चिकटपट्टी त्यांच्याजवळ होतीच. काम होईपर्यंत चहा झाला. कुठे निघालात विचारलं, तर हायवे टाळून किनाऱ्याच्या रस्त्याने वापीला, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, की आमच्या मागच्या मोकळ्या जागेत एकदोन दिवस गाडी उभी करून मागे घ्यायचा सराव केला तर चालेल का. त्या तीन दिवस राहिल्या. पुढे मला जे कळलं, ते त्या तीन दिवसांत आणि नंतरच्या दोन वर्षांत त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं आहे.

जमनाताई तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगराखालच्या एका पाड्यातल्या. घरी भात आणि नाचणीची शेती. पाड्यातून बारावी झालेल्या त्या पहिल्या. नर्सचं प्रशिक्षण घेतलं, सरकारी नोकरी लागली, आणि बत्तीस वर्षं त्या उपकेंद्रांच्या मागच्या खोल्यांत राहिल्या. कुठे चार वर्षं, कुठे सात. धाकट्या भावंडांचं शिक्षण आणि लग्नं होईपर्यंत स्वतःच्या लग्नाचा विषय मागे पडत गेला. एका टप्प्यावर लोकांनी तो काढायचाच सोडून दिला. "मला त्याचं वाईट वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "कामच एवढं होतं."

अडचण आली ती निवृत्तीनंतर. सरकारी खोली सोडावी लागली आणि त्या भावाच्या घरी गेल्या. भाऊ प्रेमाचा, भावजय रखमी कष्टाळू आणि सरळ. पण जमनाताई ओटीवर आल्या की रखमी आतून प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवायची. बाकी सगळे जमिनीवर बसलेले असत. मुलं आत्यासमोर आवाज खाली आणून बोलत. त्या घरात वारली बोलायच्या, आणि समोरून उत्तर मराठीत यायचं, साहेबाला द्यावं तसं. ज्या घरात जन्मल्या तिथे त्या पाहुण्या झाल्या होत्या, आणि यात कुणाची चूक आहे असंही म्हणता येत नव्हतं.

गाडीची कल्पना संगिता माच्छी यांची. संगिताताई डहाणूच्या किनाऱ्यावरच्या, मच्छीमार घरातल्या. दोघी प्रशिक्षणाला एका खोलीत होत्या, आणि नोकरीची शेवटची नऊ वर्षं पुन्हा एकाच आरोग्य केंद्रात आल्या. संगिताताईंचे मिस्टर लवकर गेले. मुलगा तुषार वापीला नोकरीला. कोरोनाच्या लशीची मोहीम चालू असताना या दोघी रोज एका गाडीतून पाड्यापाड्यावर जात. दुपारी गाडीतच डबे उघडत. एकदा जोराचा पाऊस आला, ओढा चढला, आणि चार तास गाडी एका टेकाडावर थांबून राहिली. बाहेर काही करण्यासारखं नव्हतं. दोघी पाय वर घेऊन बसल्या आणि गप्पा मारत राहिल्या. तेव्हा संगिताताई म्हणाल्या, की अशीच एक गाडी आपली असावी, आत चूल असावी, झोपायला जागा असावी, आणि कुणी आपल्याला शोधू नये. जमनाताईंनी ते हसण्यावारी नेलं. संगिताताईंनी नेलं नाही. त्या मोबाइलवर घर केलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघू लागल्या आणि रोज एक नवीन गोष्ट सांगू लागल्या.

दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या. एका शाळेची जुनी मिनीबस विकायला निघाली होती, ती जमनाताईंनी घेतली. आतलं सगळं संगिताताईंनी आणायचं, असं ठरलं. गाडी चालवणार संगिताताई, कारण मिस्टरांची कार त्या बरीच वर्षं चालवत होत्या. बाकीचं सगळं जमनाताई बघणार. पाणी, गॅस, बॅटरी, स्वयंपाक, दुरुस्ती. चालवायला शिकायची जमनाताईंना गरजच वाटली नाही.

अच्छाडला हायवेजवळ लाहू नावाच्या माणसाचं गॅरेज आहे. ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरला झोपायला फळी बसवून देण्यात त्याचा हात चांगला. घर त्याने कधी केलं नव्हतं. संगिताताईंनी लसीकरणाच्या एका जुन्या तक्त्याच्या मागे नकाशा काढून दिला. दोन्ही बाजूंना एकेक बाक, चालकामागे ओटा, खाली पाण्याची टाकी, मागच्या कोपऱ्यात पडद्याआड छोटं शौचालय. लाहू नकाशा बघून एवढंच म्हणाला, की ट्रकवाल्यांना इतकं काही लागत नाही. पण त्याने मन लावून काम केलं. आरटीओची परवानगी, नवा रंग आणि नवीन कागदपत्रं, यात दोन महिने गेले. बाकांच्या गाद्या संगिताताईंनी स्वतः शिवल्या. स्वतःच्या गादीला निळ्या फुलांचं कापड, जमनाताईंच्या गादीला साधं हिरवं.

डिसेंबरमध्ये पहिली फेरी निघाली, बोर्डीपर्यंतच. ती दोघींची एकत्र झालेली एकमेव फेरी, म्हणून जमनाताईंना तिच्यातलं सगळं आठवतं. टाकी काठोकाठ भरली होती आणि नळीला पट्टा आवळायचा राहिला होता, त्यामुळे बोर्डी यायच्या आतच गाडीत घोट्याएवढं पाणी झालं. वळणावर फडताळ उघडलं आणि तूरडाळ त्या पाण्यात पडली. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली गाडी उभी केली ती उतारावर, त्यामुळे ओट्यावर ठेवलेलं पातेलं आपोआप दाराकडे जाऊ लागलं. संगिताताईंची लांबची मावशी सोनूबाई तिथे बोंबील वाळत घालत होती. तिने हे सगळं पाहिलं, लाकडाच्या दोन पाचरी आणून चाकांना लावून दिल्या आणि समजावलं, की होडीत जे बांधलेलं नसतं ते पडलेलंच धरायचं. त्या दिवशी दोघी दाराच्या पायरीवर बसून फुगलेली डाळ निवडत होत्या आणि पोट दुखेपर्यंत हसत होत्या. परतताना संगिताताईंनी चुकांची यादी केली. गवंड्याची पाणसळ आणायची, म्हणजे गाडी सपाट उभी आहे की नाही ते कळेल. फडताळांना कड्या लावायच्या. पुढच्या महिन्यात सापुतारा.

पुढच्या महिन्यात तुषारची बायको भाविनी दिवस भरायच्या आधी बाळंत झाली. मूल फार लहान होतं. संगिताताई वापीला धावल्या. नर्सच त्या, त्यांच्याशिवाय कोण करणार? महिन्याभरात येते म्हणून गेल्या.

गाडी भावाच्या अंगणात उभी राहिली. जमनाताईंनी कड्या बसवून घेतल्या, पाणसळ आणली, नळीला पट्टा आवळला. यादीतलं एकेक काम खोडून झालं. मग काही उरलं नाही. पांढरी गाडी बघून आजूबाजूच्या पाड्यांतल्या बाया मुलांना घेऊन येऊ लागल्या. त्यांना वाटलं, लशीची गाडी आली. जमनाताई त्यांना केंद्रातल्या लसीकरणाचा वार सांगून परत पाठवत. फोन रोज होत होता, मग दिवसाआड, मग आठवड्याला. "थांब, बाळ उठलं," म्हणून तो अर्ध्यावर तुटायचा. पुढच्या महिन्यात नक्की, असं संगिताताई दर वेळी म्हणायच्या. पावसाळा आला आणि गेला. गाडीच्या चाकांभोवती गवत वाढलं. कोंबड्या खाली अंडी घालू लागल्या.

ऑक्टोबरात एकदा बॅटरी पूर्ण उतरली. लाहू बघायला आला. त्याने सांगितलं, की उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. चालवणारं कुणी नसेल तर विकून टाका, गिऱ्हाईक मी आणतो.

जमनाताईंनी दोन दिवस विचार केला आणि तलासरीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या. बरोबरची सगळी मुलं अठरा-एकोणीसची. त्यातल्या दोघांना त्यांनीच जन्मानंतरची पहिली लस टोचलेली. शिकवणारा त्यांना मॅडम म्हणे आणि चूक झाली की काही न बोलता ब्रेक दाबे. क्लच त्यांच्या पायाखालून एकदम सुटायचा आणि गाडी बंद पडायची. आयुष्यभर डोंगर चालून गेलेले पाय होते ते, पण हे काम त्यांना नवीन होतं. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं माणूस एकच होतं, आणि तिला आधीच खूप व्याप होता. दुसऱ्या खेपेला पास झाल्या.

लायसन्स आलं तरी मोठी गाडी वेगळी. ती लाहूने शिकवली. अच्छाडच्या एका ढाब्यामागच्या मैदानात, ट्रकांच्या रांगांमधून. रुंदी डोळ्यांत बसवायची, उंची डोक्यात ठेवायची, वळताना मागचं चाक आत कापतं ते विसरायचं नाही. मागे घेताना खाली एक माणूस उभा हवा, हे तो पुन्हा पुन्हा सांगे. माणूस नाही, असं जमनाताई म्हणाल्या. मग मनात एक माणूस उभा करा, तो म्हणाला. म्हणून चालवणारी आणि मागे उभी राहणारी, दोघींचंही काम त्याच करत. मागे उभ्या असलेल्या बाईने जे सांगायचं ते स्वतःच मोठ्याने म्हणत आणि त्याप्रमाणे चाक फिरवत. मला जे ऐकू आलं होतं ते हेच.

आमच्या मोकळ्या जागेत तिसऱ्या दिवशी त्यांनी एका दमात गाडी मागे घेतली. संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले. आतलं सगळं नीट, जागच्या जागी. निळ्या फुलांच्या गादीवर मी बसणार, तेवढ्यात त्यांनी मला हाताला धरून हिरव्या गादीवर बसवलं. वर्षभर त्या गादीवर त्यांनी टॉवेलसुद्धा ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या वापीला गेल्या. संगिताताईंना कळवलं नव्हतं. गाडी स्वतः चालवत आलेली बघून ती काय म्हणेल, हे बघायचं होतं, असं निघताना म्हणाल्या. मी त्यांना इतकं आनंदात पुन्हा पाहिलेलं नाही.

आठ दिवस राहीन म्हणाल्या होत्या. चौथ्या दिवशी परत आल्या.

तिथे काय झालं ते मला पुष्कळ नंतर कळलं. तुषारच्या सोसायटीत बाहेरच्या गाडीला जागा नव्हती. वॉचमनने भिंतीलगत रस्त्यावर लावायला सांगितलं. फोन केल्यावर संगिताताई बाळाला खांद्यावर घेऊन खाली आल्या. गाडी बघून थबकल्या, जमनाताईंच्या हातातली किल्ली बघून त्यांचे डोळे भरले. आत आल्या, निळ्या गादीवर बसल्या, बाळाला शेजारी निजवलं. ते लगेच झोपलं. संगिताताईंनी फडताळाच्या कड्या उघडून बंद केल्या, नळ सोडून बघितला.

जमनाताईंनी विचारलं, "कधी निघायचं?"

संगिताताई बाळाच्या पाठीवर हात ठेवून होत्या. "जमना, खरं सांगू? मला गाडीची आठवणही होत नाही आता. दिवस कुठे जातो कळत नाही. हा माझ्याशिवाय झोपत नाही. आणि मला बरं वाटतं गं, कुणी माझ्याशिवाय झोपत नाही याचं."

"मग फोनवर पुढच्या महिन्यात का म्हणत होतीस?"

"तुला सांगवत नव्हतं. खोटंच होतं ते. तुझ्या लक्षात आलं असेल असं वाटायचं."

"आलं होतं," जमनाताई म्हणाल्या.

मला सांगताना त्या म्हणाल्या, की तेवढ्यापुरतं तिचं मन राखलं. खरं तर लक्षात आलं नव्हतं. दर महिन्याला पुढचा महिना खराच वाटत होता.

वरून भाविनीने हाक मारली, बाळाच्या खाण्याची वेळ झाली होती. उठताना संगिताताईंनी निळी गादी तळहाताने सारखी केली आणि म्हणाल्या, "ही रिकामी ठेवू नकोस. सामान ठेव हिच्यावर." वर जेवायला चल म्हणून त्यांनी खूप आग्रह केला. जमनाताई गेल्या, जेवल्या, रात्री राहिल्या, आणखी दोन दिवस राहिल्या. भाविनीने मन लावून पाहुणचार केला. संगिताताई खोटं बोलत नव्हत्या, त्या घरात त्या खरोखर सुखात होत्या. रडत असत्या, अडकून पडलेल्या असत्या, तर जमनाताईंना त्यांना सोडवून आणता आलं असतं. सुखी माणसाला कुठून सोडवायचं?

परतताना त्या अच्छाडला थांबल्या. चहा घेतला नाही, लाहूला हाक मारली नाही. ट्रकांच्या मध्ये गाडी लावून चालकाच्या जागेवर बसून राहिल्या. दुपार उलटली तेव्हा उठल्या आणि तांदळाची पिशवी, पाण्याचा कॅन आणि घड्या केलेल्या साड्या निळ्या गादीवर नेऊन ठेवल्या. मग आमच्याकडे आल्या. मला तेव्हा एवढंच म्हणाल्या, की तिकडे उकडत होतं.

त्यानंतर त्यांनी गाडी विकली नाही. का नाही, हे मी एकदा विचारलं. विकून जाऊ कुठे, असं त्यांनी उलट विचारलं. पावसाळ्याचे चार महिने त्या भावाच्या अंगणात काढतात, पण झोपतात गाडीत. पहिल्या पावसाळ्यात छत गळलं. त्यांनी स्वतः वर चढून सांधे डांबराने भरले. जेवायचं ताट रखमी गाडीच्या दारापर्यंत आणून देते. आत ये म्हटलं तर चप्पल काढून पायरीवर बसते. बाकीचे आठ महिने त्या फिरतात. सापुताऱ्याला जाऊन आल्या, यादीत होतं म्हणून. घाट चढताना गाडी तापली, तासभर थांबल्या, पाणी घालून पुन्हा निघाल्या. वर पोचल्यावर तळ्याकाठी सगळी जोडपी आणि कुटुंबं होती. एक दिवस राहून खाली उतरल्या. दापचरीच्या धरणाजवळ त्यांना आवडतं, तिथे माणसं कमी. बोर्डीला सोनूबाईच्या वाडीत पाणी भरायला थांबतात. आमच्याकडे महिन्यातून दोनतीन दिवस असतात. कलमं बांधू लागतात, बोलतात थोडं. कधी कधी मी जवळ गेले की बोलणं थांबवतात. तेव्हा माझ्या लक्षात येतं, की त्या स्वतःशी वारलीत बोलत होत्या. त्या भाषेत त्यांच्याशी मोकळेपणी बोलणारं आता कुणी नाही.

गेल्या वर्षी डिसेंबरमध्ये संगिताताई सगळ्या घराला घेऊन बोर्डीला सहलीला आल्या. जमनाताई तिथेच होत्या. सगळे गाडीत आले. नातू आता तीन वर्षांचा होत आलेला, त्याने फडताळांच्या सगळ्या कड्या उघडल्या. भाविनीने कौतुकाने सगळीकडे बघितलं आणि सासूला विचारलं, की मम्मी, ही तुमच्या दोघींची होती ना? संगिताताई म्हणाल्या, "नाही गं. हिचीच." त्या तसं विषय टाळायला म्हणाल्या की आपला वाटा देऊन टाकायला, हे जमनाताईंना ठरवता आलं नाही. पाच वाजता सगळे निघाले. जमनाताईंनी वाळू झाडली, कड्या लावल्या. सगळे आले ते बरं वाटलं, असं मला सांगताना म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ती गेल्यावर गाडी फार मोठी वाटली."

या फेब्रुवारीत त्या पहिल्यांदा लांब गेल्या, खाली कोकणात. निघताना आमच्या नळावर टाकी भरली, चाकांतली हवा बघितली, बॅटरीचे पॉइंट पुसले, वरची फांदी कुठे येते ते खाली उतरून पाहिलं. मी मागे उभी राहून हात दाखवायला लागले, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि एकट्यानेच गाडी रस्त्यावर काढली. पोचल्यावर फोन करा, असं मी म्हटलं होतं. त्यांनी केला नाही. आठव्या दिवशी मीच केला. दापोलीच्या पुढे एका खाडीकाठी उभ्या होत्या. रस्ता चांगला आहे, पाणी गोडं मिळालं, एका चढावर पहिल्या गिअरवर यावं लागलं, एवढं त्यांनी सांगितलं. मी इकडच्या कलमांचं सांगितलं. मग आमचं बोलणं संपलं. तिकडून पाण्याचा आवाज येत होता. त्या काही बोलत नव्हत्या आणि फोनही ठेवत नव्हत्या. इकडे रोपवाटिकेत गिऱ्हाईक उभं होतं. तरी मीही बराच वेळ फोन ठेवला नाही.